मंडईची वेबसाइट

मी केलेली पहिली वेबसाइट सबंध जगात दोनच कॉम्प्युटरवर वाचता येत होती. एक आमच्या घरी, धानाच्या ढोलीला टेकवून ठेवलेला, आणि दुसरा तालुक्याच्या छापखान्यात. उरलेल्या जगाला तिथे काय दिसत होतं हे मला समजलं तेव्हा गावची मंडई तोंडावर आली होती, आणि माझ्या शब्दावर भरवसा ठेवून गावाने त्या वर्षी एकही पाम्प्लेट छापलं नव्हतं.

मंडई म्हणजे काय ते आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. मंडई म्हटली की पुण्याकडच्या माणसाला भाजी आठवते. आमच्याकडे दिवाळी आटोपली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. लेकी माहेरी येतात, इवाई म्हणजे व्याही मंडळी पाहुणे म्हणून येतात, दिवसा दंडार नाचते, शिंगाड्यांचे ढीग लागतात, उसाच्या मोळ्या आणि जिलेबीच्या कढया दिसतात, आणि रात्री पेंडॉलमध्ये नाटक असतं. नाटक बघायला पंचक्रोशी लोटली तर मंडई झाली म्हणायची, नाहीतर गावाचं नाक गेलं. पंचक्रोशी लोटावी म्हणून पाम्प्लेट. गुलाबी नाहीतर पोपटी, पातळ कागदाचं. एसटीच्या खिडकीतून ते उडवायचं, चिंचेच्या बुंध्यावर, पानठेल्याच्या फळीवर चिकटवायचं. आमच्या गावचं पाम्प्लेट कित्येक वर्षं माझे बाबा लिहीत. ते मंडळाचे सचिव होते. शेती करणारा माणूस, घरात दिवसभरात मोजकंच बोलणार, आवाजही बारीक; पण पाम्प्लेट लिहायला बसले की त्यांच्या अंगात यायचं. ‘हास्याचा स्फोट आणि आसवांचा पूर एकाच तिकिटात’ हे वाक्य त्यांचं. ते नंतर आसपासच्या गावांनी चोरलं, आणि चोरलं म्हणून बाबा कुठे तक्रार करत नसत, पण जेवताना आम्हाला सांगत, की अमक्या गावानेही घेतलं बरं का.

आता कॉम्प्युटर घरात कसा आला ते. मी गोंदियाला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात गटांगळ्या खात होतो. कॉलेजात कमी आणि गुड्डूभैयाच्या सायबर कॅफेत जास्त असायचो. गुड्डूभैया मनाने मोठा. त्याचा गल्ला मी अख्खा उन्हाळा सांभाळला, त्याबदल्यात नवीन मशिनी आल्यावर त्याने एक जुनी मला देऊन टाकली. मी ती पॅसेंजर गाडीतून मांडीवर घेऊन आणली. घरी आईने दारातच थांबवलं, तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं, पडद्याला हळद-कुंकू लावलं आणि विचारलं, ‘हे खाते काय?’ वीज खाते, असं मी सांगितलं. मग तिचं समाधान झालं, कारण आमच्याकडे वीज दिवसातून इतका वेळ गायब असायची की खाणारं जनावर उपाशीच राहणार होतं. आतल्या खोलीत ढोली होती, तिच्यात भरलेल्या उकड्या धानाचा तो आंबूस-गोड वास, आणि त्या वासात कॉम्प्युटर. की-बोर्डात कोंडा जायचा. मागच्या डब्यात ऊब असते हे उंदरांना माझ्याआधी कळलं. आणि फोनची तार जोडून इंटरनेट लावलं की तो जो चिरका आवाज निघायचा, त्याला आई शेवटपर्यंत सरावली नाही. चुलीपासूनच ओरडायची, ‘कोन चावून राहिलं गा त्या तारेले?’

वेब डिझाइन शिकवणारा माणूस आमच्या भागात नव्हता. असता तरी मी त्याच्याकडे गेलो नसतो, कारण मला सगळं येतं असं मी आधीच सांगून बसलो होतो. गोंदिया स्टेशनवर एक हिंदी पुस्तक मिळालं, त्याची शेवटची पानं गायब होती. माझ्या पुढच्या फजितीचं उत्तर नक्की त्याच पानांत होतं असं मी आजही धरून चालतो. दोष द्यायला काहीतरी हवं. खरी विद्या दिली ती गुड्डूभैयाने. एके दिवशी त्याने पडद्यावरच्या पानावर उजवी कळ दाबली, एक ओळ निवडली, आणि त्या रंगीत पानाच्या मागची सगळी आतडी बाहेर पडली. म्हणाला, ‘देख, किसी भी पेज का पेट खोल के देख सकते हैं.’ त्या दिवसापासून मी पोटं फाडत सुटलो. जे पान आवडेल ते फाडायचं, आतला माल फ्लॉपीत भरायचा, घरी आणून त्यात आपली नावं घालायची. आमच्या मंडईच्या वेबसाइटचा मूळ सांगाडा कुठल्यातरी परदेशी केकच्या दुकानाचा होता. त्यामुळे आमच्या ग्रामदैवतेच्या फोटोभोवती बरेच दिवस गुलाबी मलईची वेलबुट्टी होती, ती कशी काढायची ते मला सापडत नव्हतं. लोकांना ती फार आवडली.

त्या काळात पान मांडायचं तर तक्ता आखायचा, तक्त्यात घरं पाडायची, घरात पुन्हा तक्ता. बाबा एकदा मागे उभे राहून ते बघत होते. त्यांना त्यात धानाच्या बांध्या दिसल्या, धुरे म्हणजे बांध घालून पाडलेले शेताचे तुकडे. म्हणाले, ‘एका बांधीत दुसरी बांधी काऊन काढून राहिला? धुऱ्यातच जमीन जाईन.’ मी हसलो. पुढे ते पान उघडायला इतका वेळ लागू लागला की मी एकेक धुरा मोडत बसलो, पण ते बाबांना सांगितलं नाही. त्यांचं मन मात्र जिंकलं ते पळत्या ओळीने. एक साधी खूण लिहिली की अक्षरं उजवीकडून निघून डावीकडे पळत जात आणि पुन्हा उजवीकडून येत. बाबांनी खुर्ची ओढली. बराच वेळ ती ओळ येता-जाता पाहिली. मग म्हणाले, ‘हे लाल होते काय?’ मी लाल केली. ‘मोठी?’ मोठी केली. त्यानंतर मी कॉलेज बुडवून घरी असेन तेव्हा रोज दुपारचं जेवण झालं की बाबा माझ्या शेजारी बसू लागले. ते सांगायचे, मी टंकायचो. ‘भव्य लिह. आता दिव्य लिह. आता या दोघाइलेबी पळव.’ एवढं आम्ही बापलेक त्याआधी कधी बोललो नव्हतो. आज माझ्याकडे साइट करून घ्यायला येणारे लोक मोठमोठ्या कंपन्यांतून येतात, साधं, पांढरं, मोकळं हवं म्हणतात. मी मान डोलावतो. आतून मला अजूनही पळती लाल ओळच आवडते.

अडचण होती मराठीची. इंग्रजी अक्षरं कॉम्प्युटरात होतीच, मराठी कुठून आणायची? ती मला तालुक्याच्या छापखान्यात सापडली. तिथले देवाजी कॉम्प्युटरवर पाम्प्लेट ज्या अक्षरांनी, म्हणजे ज्या फॉन्टने, जुळवायचे, ती अक्षरं त्यांनी फ्लॉपीत भरून दिली. म्हणाले, ‘ने बापा, तुझे बाबा आमचे जुने गिऱ्हाईक.’ घरी आल्यावर मी ती आपल्या मशिनीत घातली आणि आमचं गाव पडद्यावर मराठीत उमटलं. पाम्प्लेटचीच अक्षरं, तीच गोलाई. बाबांनी चष्मा पुसला.

हे ज्याच्या जिवावर केलं, त्याच देवाजीचं काम मी मंडळाच्या बैठकीत बंद करवलं. बैठक देवळाच्या परछीत, म्हणजे ओसरीवर, होती. मी उठून म्हणालो की पाम्प्लेट जास्तीत जास्त केशोरीपर्यंत जातं, वेबसाइट अमेरिकेपर्यंत जाते; आता पाम्प्लेटही नको आणि गावोगाव ओरडत फिरणारा भोंगाही नको. अमेरिकेतून आमच्या मंडईला कोण येणार होतं, हे मला कुणी विचारलं नाही. आणि केशोरीत कॉम्प्युटर किती आहेत, हेही विचारलं नाही. अध्यक्ष होते मारोतीभाऊ, गावातले पहिले ट्रॅक्टरवाले, आवाजसुद्धा ट्रॅक्टरसारखा. त्यांनी एकच अट घातली: पाम्प्लेटात सगळ्यांची नावं असतात, तशी इथेही असली पाहिजेत, आणि अध्यक्षांचं सगळ्यांत वर. मग बाबांकडे वळून विचारलं, ‘सचिव, तुमचं काय म्हननं हाय?’ बाबा बारीक आवाजात म्हणाले, ‘पोरगा करून राहिला तं करू द्या. माह्या जबाबदारीवर.’

मी अगदीच बेफिकीर नव्हतो. पान तयार झाल्यावर ते दुसऱ्या मशिनीवर तपासून पाहावं एवढी अक्कल मला होती. फक्त मी ते तपासायला घेऊन गेलो देवाजीच्या छापखान्यात. तिथे ते छानच दिसलं. का दिसणार नाही? अक्षरं तिथलीच होती. देवाजींनी चष्म्यावरून बघून ‘अक्षर चांगलं उठलं’ एवढंच प्रमाणपत्र दिलं, आणि मी ते पान फुकटात जागा देणाऱ्या एका परदेशी साइटवर चढवून टाकलं. फुकट जागेच्या बदल्यात त्या लोकांनी आमच्या पानाच्या माथ्यावर आपली जाहिरात लावली. तिच्यात एक गोरी बाई हसत असे. आईने विचारलं, ही कोणाकडची पाहुणी. मी म्हटलं, घरमालकीण आहे.

मग घरी रांग लागली. ज्याचं नाव पानावर होतं तो येऊन बघून जायचा, मग बायकोला घेऊन यायचा, मग मेहुण्याला. पळत्या ओळीत आपलं नाव आलं की माणूस खुर्चीत ताठ व्हायचा, ते निघून गेलं की पुन्हा यायची वाट बघत बसायचा. आईचं दूध चहातच संपत होतं. मारोतीभाऊ तर रोज एकदा येत. त्यांनी कौतुकाने गोंदियाच्या इवायांनाही फोनवर सांगितलं, की आमचं नाव आता जगात गेलं, तुम्ही तिकडेच बघून घ्या.

इवाई बघायला गेले. ते गुड्डूभैयाच्याच कॅफेत गेले, सोबत ऑफिसातले दोघंतिघं घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर गावात दाखल झाले आणि मारोतीभाऊंना घेऊन थेट आमच्या दारात आले. आई बोंडं तळत होती, गुळाचा वास घरभर भरला होता. इवायांनी खिशातून घडी केलेला छापील कागद काढून मारोतीभाऊंच्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, तुमचं नाव वाचून दाखवा.’

मी मान लांब करून पाहिलं. वर ती गोरी बाई तशीच हसत होती. तिच्याखाली डोक्यावर टोपी घातलेले रोमन ए, पोटातून रेघ मारलेले ओ, पाउंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं, अशी सगळी जत्रा भरलेली. बाबांचं ‘भव्य’, बाबांचं ‘दिव्य’, हास्याचा स्फोट, आसवांचा पूर, सगळं त्या टोप्यांखाली गाडलं गेलं होतं. अध्यक्षांच्या नावाच्या जागी दोन पाउंड आणि एक टोपीवाला होता. मी धावत जाऊन आमचा कॉम्प्युटर लावला, तिथे सगळं मराठीत, सुबक. मारोतीभाऊ एकदा पडदा बघत, एकदा कागद. आणि उभ्याउभ्याच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अक्षरं पानाबरोबर जात नसतात. ज्याच्या मशिनीत ती आधीपासून असतील त्यालाच दिसतात. बाकीच्यांच्या मशिनी आपल्याजवळ जे काही असेल ते काढून देतात. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. आता विचार केला तर मला वाटतं, समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

इवाई म्हणाले, ‘कॅफेवाला म्हणाला, ये भूत लोगों की भाषा है.’ मारोतीभाऊंना राग आला की ते आवाज खाली आणत, आणि तेच जास्त भयंकर वाटे. ते बाबांना म्हणाले, ‘सचिव, नाटक कंपनी ठरली, पेंडॉल ठरला. मानूस कोन आनन? तुमी म्हनलं होतं, जबाबदारीवर.’

‘म्हनलं होतं,’ बाबा म्हणाले. ‘पेंडॉल रिकामा राह्यला तं सचिवकी सोडतो. पुढच्या सालापासून दुसऱ्यानं लिहावं.’

आईच्या कढईतलं बोंड त्या दिवशी काळं झालं. बाबांना शेतीत नुकसान झालं तरी ते फार बोलत नसत, आणि हे वाक्य बोलतानाही त्यांचा आवाज तसाच होता, पण मला कळलं. पाम्प्लेट लिहिणं गेलं तर या माणसाकडे वर्षभर बोलायला काही उरणार नव्हतं.

मी सायकल घेऊन छापखान्यात गेलो. कुलूप. देवाजी सासुरवाडीला, दिवाळी करून येणार. दुसऱ्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा ढीग, त्याने हात जोडले. भोंगेवाले तर मंडईच्या दिवसांत मिळणंच शक्य नव्हतं, एकेकजण तीन-तीन गावांना शब्द देऊन बसलेला. शेवटी मिळालं ते एवढंच: एक ऑटो, त्याच्या टपावर बांधायला एक भोंगा आणि एक बॅटरी. बोलणारा माणूस मिळाला नाही. बाबांचा आवाज भोंग्यातूनही बारीकच ऐकू आला असता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुले सारं पाठ हाय. बस.’

पाठ होतंच. ते पान मी इतक्या वेळा टंकलं होतं, इतक्या वेळा वीज जाऊन उडालं म्हणून पुन्हा टंकलं होतं, की झोपेत म्हणून दाखवलं असतं. दोन बाजूंनी पिवळं पडलेलं धान, मध्ये खडबडीत रस्ता, आणि ऑटोत पुढे मी माइक धरून, मागे बाबा माझ्या खांद्याला टेकून. पहिल्या गावात माझी दातखीळ बसली. बाबांनी मागून हळूच सुरुवात करून दिली, ‘भव्य...’ आणि मी उचललं. बाबा पुटपुटत, मी ओरडत, तेच शब्द एका बाजूने बारीक जात आणि टपावरून दणदणीत बाहेर पडत. तिसऱ्या-चौथ्या गावापर्यंत मला चव लागली. पळत्या ओळीसारखाच मी झालो होतो: एका टोकाने गावात शिरायचं, सगळी नावं घेत दुसऱ्या टोकाने निघून जायचं.

केशोरीला बाजार होता. मिरच्यांच्या ढिगांमधून, कोंबड्या विकणाऱ्यांमधून ऑटो मुंगीच्या पावलाने चालला होता, आणि गर्दी बघून माझ्यात नको तितका जोर आला. मी सगळं म्हटलं, अध्यक्षांचं नाव तर दोनदा घेतलं, आणि त्याच तारेत, त्याच चालीवर, थांबायचं कुठे ते विसरून पानावरची पुढची ओळही म्हणून गेलो: ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा.’

बाबांचं बोट माझ्या बरगडीत घुसलं. पण तोवर बाजाराने ऐकलं होतं. एका टोपलीवाल्या बाईने ऑटोच्या दांड्याला हात लावून विचारलं, ‘काय करा म्हनलं गा?’ शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, क्लिक म्हणतो. कुठे करायचं, दुसऱ्याने विचारलं. आता खरं सांगायचं म्हणजे केकच्या दुकानापासून सुरुवात करावी लागली असती. मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, ‘ते मंडईतच बघायला मिळेल.’

गर्दीत कुजबुज झाली. मी मागे वळून पाहिलं तर बाबा रागावलेले नव्हते. बाजाराकडे बघत होते, आणि पाम्प्लेट लिहिताना होत तसे त्यांचे डोळे बारीक झाले होते. ‘आनखी बोल,’ ते म्हणाले. ‘पुढं ‘प्रथमच’ लाव.’ मी लावलं. मग म्हणाले, ‘आपल्या भागात’ लाव. तेही लावलं. केशोरीतून निघालो तेव्हा आमच्या मंडईत प्रथमच, आपल्या भागात, लहानथोरांसाठी क्लिक होतं. पुढच्या गावात बाबांनी त्यात ‘स्वतःच्या हाताने’ वाढवलं. त्यांनी नाटकाचं वाक्य मागे ढकललं आणि क्लिक पुढे आणलं. मी घाबरत विचारलं, लोकांनी खरंच मागितलं तर? बाबा म्हणाले, ‘खोटं थोडीच हाय? आपल्या घरी हाय नं ते.’ जाहिरातीच्या धंद्यात मी पुढे अनेक हुशार माणसं पाहिली. असा आत्मविश्वास एखाद्यातच.

मंडईच्या दिवशी दुपारपासून माणसं यायला लागली. बैलबंड्या, सायकली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. चिचगडहून आत्या आली, ती दारातूनच म्हणाली, वाटेत सगळे क्लिकचंच विचारत होते. दंडारीचा ढोल वाजत होता, शिंगाडे उकडल्याची वाफ रस्त्यावर पसरली होती, आणि मंडळाच्या पोरांना लोक थांबवून विचारत होते, क्लिक कुठं हाय. मारोतीभाऊ आधी चपापले, मग त्यांनीच नाटकासाठी आणलेल्या जनरेटरची एक तार आमच्या घरात ओढायला लावली. कॉम्प्युटर ढोलीजवळून उचलून परछीत आणला. आईने पदर खोचला आणि रांगेचा ताबा घेतला. एकाने एकदाच दाबायचं. जिलेबीचे हात आधी धुवायचे. तरीही माऊस असा चिकट झाला की मला त्याला ओल्या फडक्याने पुसावं लागत होतं. फोनची तार लावायची गरज नव्हती, पान आमच्याच मशिनीत होतं, आणि आमच्या मशिनीत ते मराठीत होतं. माणूस यायचा, मी त्याचा हात धरून बाण ‘येथे क्लिक करा’वर न्यायचो, टक आवाज व्हायचा, आणि पान बदलायचं. बदललं की माणूस हसायचा. काहीजण स्वतःच्या बोटाकडे बघत बाहेर जायचे.

संध्याकाळी तिकिटाच्या खिडकीवर रेटारेटी झाली. पेंडॉलच्या कनाती वर गुंडाळाव्या लागल्या, कारण आत मावेना. मारोतीभाऊ बाबांजवळ येऊन एवढंच म्हणाले, की पुढच्या सालचं लिहायला लवकर घ्या, यंदासारखं ऐनवेळी नको. बाबांनी मान हलवली. पानदान काढून त्यांना सुपारी दिली आणि दंडार बघायला गेल्यासारखं करून चौकात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेलो नाही. माझा आवाज पार बसला होता, आणि रांग अजून होती.

त्या रांगेत शेवटी शेवटी केशोरीची ती टोपलीवाली बाई आली. टोपली तिने परछीच्या कडेला ठेवली, हात धुतले, खुर्चीवर बसली. तोवर बाबाही परत येऊन दारात उभे राहिले होते. मी तिचा हात माऊसवर ठेवला. टक झालं. दुसरं पान उघडलं. त्या पानावर काय असायचं ते सांगायचं राहिलंच. अधिक माहिती, असं मी पहिल्या पानावर लिहिलं होतं खरं, पण ती माहिती लिहायला मला वेळच मिळाला नव्हता. म्हणून तिथे मी तेव्हाच्या सगळ्या साइटवर असायचं ते चित्र चिकटवलं होतं: पिवळी टोपी घातलेला एक माणूस फावड्याने माती उपसतो आहे, उपसतोच आहे, आणि खाली ‘काम चालू आहे’.

बाकी सगळे हसून उठले होते. ही बाई उठेना. तिने बराच वेळ त्या माणसाकडे पाहिलं. तो वाकत होता, माती टाकत होता, पुन्हा वाकत होता. तिने विचारलं, हा केव्हापासून खपून राहिला. मी बसलेल्या आवाजात सांगितलं, दिवाळीच्या आधीपासून. माती तर तेवढीच दिसते, ती म्हणाली. मी म्हटलं, हो, काम अजून व्हायचं आहे. तिने खुर्चीत वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझी इस्त्रीची पँट, माझे चिकट पण बिनघट्ट्यांचे हात, आणि मग माझ्या बाजूने दाराकडे बघत बाबांना म्हणाली,

‘भाऊ, तो बिचारा एकटा मरमर करून राहिला आन तुमचा पोरगा नुसता खुर्ची धरून उभा हाय. याच्याबी हातात फावडं द्या न.’